स्टीग लार्सनचे कागद

१९७७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पुढे गुन्हेगारी कादंबऱ्यांसाठी जगभर गाजलेला स्वीडिश लेखक स्टीग लार्सन इरिट्रियाला निघाला. तिथे इथिओपियाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चाललं होतं आणि त्यात लढणाऱ्या स्त्रियांना शस्त्रं चालवायला शिकवायचं, असा बेत होता. परत येऊ की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून निघण्याआधी त्यानं मृत्युपत्र लिहून ठेवलं: आपलं जे काही असेल ते उमेओ शहरातल्या डाव्या कामगार संघटनेच्या शाखेला द्यावं. खाली स्वतःची सही केली. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या नाहीत.

तिथे मूत्रपिंडाचं दुखणं झालं, तो परत आला आणि पुढे २७ वर्षं जगला. हा कागद उजेडात आला २००८ मध्ये. तोवर लार्सन जाऊन चार वर्षं झाली होती आणि खपाच्या बाबतीत तो त्या वर्षी जगातला दुसऱ्या क्रमांकाचा लेखक ठरला होता. कागदाचा कायद्याला काही उपयोग नव्हता.

लार्सन वाचताना सगळे लिस्बेथ सालांडर या नायिकेच्या मागे जातात, आणि ते साहजिकच आहे. पण तिन्ही कादंबऱ्यांमधली गोष्ट पुढे ढकलतात ते कागद. जुनी फोटो-निगेटिव्ह, कंपनीचे हिशेब, मनोरुग्णालयाचे अहवाल, पालकत्वाचे आदेश, गुप्त पोलिसांच्या फायली. कोणाचं नाव कुठल्या दप्तरात आहे आणि कुठून गायब आहे, यावर माणसांचं भलंबुरं ठरतं. हे त्याला सुचलं कुठून, ते त्याच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं.

जन्म १५ ऑगस्ट १९५४ चा, उत्तर स्वीडनमधल्या शेलेफ्तेहाम्नचा. तिथल्या धातू वितळवण्याच्या कारखान्यात वडील कामाला होते. तरुण आई-वडील कामासाठी दक्षिणेला गेले आणि मुलगा आजी-आजोबांकडे राहिला, वेस्टरबॉटन प्रांतातल्या नॉर्शो परिसरात, जंगलातल्या लाकडी घरात. १९६२ मध्ये आजोबा हृदयविकारानं गेले. मग तो उमेओला आई-वडिलांकडे आला. बाराव्या वाढदिवसाला टाइपरायटर मिळाला आणि त्याचा खडखडाट इतका, की त्याची रवानगी तळघरात झाली.

सत्तरच्या दशकात तो विज्ञानकथांच्या वेडात होता. १९७२ पासून मित्राबरोबर फॅनझीन, म्हणजे चाहत्यांची हौशी मासिकं, काढत होता. साठोत्तरी मराठी लघुअनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हा प्रकार नवा नाही. स्टेन्सिलवर, म्हणजे छपाईच्या मेणकागदावर, टाइप करायचं तर रिबीन बाजूला करावी लागे, म्हणजे अक्षराचा ठोकळा थेट मेणाच्या थरात रुतायचा. बोट हलकं पडलं तर अक्षर पुसट, जोरात पडलं तर गोल अक्षराची मधली चकती गळून पडायची आणि छापताना तिथे काळा ठिपका उमटायचा. चुकलं तर त्यावर द्रव लावून वाळेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा ठोकायचं. मग ड्रमवर स्टेन्सिल चढवून हँडल फिरवत बसायचं. मजकूर लिहिणारा, जुळवणारा, छापणारा आणि पोस्टात टाकणारा एकच. पुढे एक्स्पो हे अतिउजव्यांवर नजर ठेवणारं मासिक काढताना त्याला मासिक म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागलं नाही.

याच काळात नावाचं स्पेलिंग बदललं. स्टिग लार्सन नावाचा दुसरा एक होतकरू लेखक उमेओतच होता, म्हणून ह्यानं आपल्या नावात एक ‘ई’ घातला. आणि १९७२ मध्येच, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या एका सभेत, एवा गॅब्रिएलसन भेटली. पुढे ती वास्तुविशारद झाली. दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिली, लग्न न करता.

१९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं त्यानं टीटी या स्वीडिश वृत्तसंस्थेत काढली. आपल्याकडे पीटीआयचं जे स्थान, ते तिथे टीटीचं. तिथे तो मुख्यतः चित्रकार होता: बातमीसोबतचे नकाशे, आलेख, अपघाताची आकृती. ह्या कामाचा त्याच्या गद्यावर झालेला परिणाम समीक्षक फारसा धरत नाहीत, आणि मला तो सगळ्यात ठळक वाटतो. बातमीचा नकाशा काढणाऱ्याला ‘जवळच’ म्हणून चालत नाही. पूल कुठे, घर कुठे, मधलं अंतर किती, माणूस कुठल्या बाजूनं आला, हे ठरल्याशिवाय रेघ ओढता येत नाही. पहिल्या कादंबरीतलं हेदेबी बेट अगदी असं आखलेलं आहे. सप्टेंबर १९६६ मधल्या एका दिवशी पुलावर टँकरचा अपघात होतो, रस्ता बंद पडतो, आणि त्याच अवधीत सोळा वर्षांची हॅरिएट वांगेर नाहीशी होते. बेट, एक पूल, पुलाच्या दोन्ही टोकांना थांबलेली माणसं. हा नकाशाच आहे, फक्त शब्दांत काढलेला.

टीटीसाठी तो गुन्हेगारी कादंबऱ्यांची परीक्षणंही लिहायचा. म्हणजे कादंबरी लिहायला बसला तेव्हा ह्या प्रकारातले डावपेच त्याला वाचक म्हणून पाठ होते. शिवाय स्वीडनमध्ये सोवाल आणि वालू या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात दहा पोलीसकथा लिहून, गुन्ह्याच्या आडून समाजाची चिरफाड करायची वाट पाडून ठेवलीच होती. लार्सनच्या डोक्यातही दहा पुस्तकं होती. हाती आली तीन.

पण दिवसाची नोकरी एक आणि रात्रीचं काम वेगळं. १९८० च्या दशकापासून तो नव-नाझी आणि अतिउजव्या संघटनांची माहिती गोळा करत होता, लंडनच्या सर्चलाइट मासिकाला स्वीडनच्या बातम्या पाठवत होता. १९९१ मध्ये आना-लेना लोदेनियसबरोबर अतिउजव्यांवरचं पुस्तक आलं. १९९५ मध्ये एक्स्पोची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी मासिकाच्या छापखान्याला आणि विक्रेत्यांना धमकावणं सुरू झालं, तेव्हा एक्स्प्रेसन आणि आफ्तोनब्लादेत ह्या एरवी एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन मोठ्या सायंदैनिकांनी एक्स्पोचा अंक आपल्या अंकाबरोबर छापून वाटला. धमकीला दिलेलं इतकं व्यवहारी उत्तर क्वचित पाहायला मिळतं. तरी पैशांची ओढाताण कायमची. काही वर्षं एक्स्पो स्वार्तवित नावाच्या मासिकाच्या पोटात निघत होतं.

१९९९ साल सगळ्यात वाईट गेलं. जूनमध्ये नव-नाझींवर लिहिणाऱ्या एका पत्रकाराच्या गाडीत बॉम्ब फुटला. ऑक्टोबरमध्ये ब्यॉर्न सॉदरबेरी या कामगार कार्यकर्त्याला त्याच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. त्यानं आपल्या कामाच्या ठिकाणच्या युनियनमधला एक नव-नाझी उघडा पाडला होता. २००० मध्ये स्वीडिश पत्रकार संघटनेनं धमक्या येणाऱ्या पत्रकारांसाठी हस्तपुस्तिका काढली, ती लार्सनची.

ह्या धमक्या समजायच्या तर स्वीडनचा एक विशेष माहीत हवा. तिथे १७६६ पासून सरकारी कागद जनतेला खुले आहेत. कोण कुठे राहतं, कोणाचं उत्पन्न किती, कोणाशी लग्न झालं, हे नोंदणी दप्तरात असतं आणि विचारणाऱ्याला मिळतं. विचारणाऱ्यानं आपलं नाव सांगावं अशीही अट नाही. शोधपत्रकाराला हे वरदान. लार्सननं आयुष्यभर त्याचाच वापर केला. पण त्याच खिडकीशी त्याचा माग काढणाराही उभा राहू शकतो. गंभीर धोका सिद्ध झाला तर पत्ता झाकून घेता येतो, पण ती सोय सरसकट नाही.

लग्न न करण्याचं गॅब्रिएलसननं दिलेलं कारण हेच आहे. लग्नाची नोंद झाली की दोन नावं दप्तरात एकमेकांना जोडली जातात, आणि एका नावावरून दुसऱ्याचा पत्ता निघतो. म्हणून जोडच ठेवायची नाही. खबरदारी म्हणून हे अगदी चोख होतं. त्याची किंमत कुठल्या खात्यात वळती होणार आहे, हे तेव्हा दिसत नव्हतं.

२००२ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं कादंबरी लिहायला घेतली. दिवसा एक्स्पो, रात्री आणि सुट्टीत हे. पहिली संपायच्या आत दुसरी डोक्यात, दुसरीतून तिसरी. एका प्रकाशन संस्थेनं नकार दिल्यावर हस्तलिखितं नॉर्स्टेट्सकडे गेली. १८२३ पासूनची ही जुनी संस्था. २००४ च्या वसंतात तिथे तीन पुस्तकांचा करार झाला.

कादंबऱ्यांची कारागिरी एका प्रसंगात बघावी. पहिल्या कादंबरीतल्या मिकाएल ब्लूमक्विस्ट या पत्रकाराला चाळीस वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या मुलीचा शोध घ्यायचा आहे. पोलिसांनी सगळं उलटंपालटं केलेलं. तो गावच्या वर्तमानपत्राच्या दप्तरात जाऊन त्या दिवशीच्या मिरवणुकीची निगेटिव्ह मागतो. छापलेला फोटो एकच असतो, पण फोटोग्राफरनं एकामागोमाग बरेच टिपलेले असतात. ते ओळीनं लावल्यावर दिसतं, की गर्दीतली हॅरिएट हसता हसता थांबते आणि रस्त्यापलीकडच्या कशाकडे तरी बघून तिचा चेहरा पडतो. ती काय बघते ते कॅमेऱ्यात नाही, कारण कॅमेरा तिच्याकडे तोंड करून आहे. पण तिच्या मागे एक तरुण बाई उभी आहे आणि तिच्याही हातात कॅमेरा आहे, म्हणजे तो उलट दिशेला रोखलेला. ती कोण? पुढच्या फोटोंत ती नवऱ्याबरोबर गाडीकडे जाताना दिसते. नंबरप्लेटवर ‘एसी’ ही अक्षरं. १९७३ पर्यंत स्वीडनमध्ये गाडीच्या क्रमांकात प्रांताची अक्षरं असत, आणि ‘एसी’ म्हणजे वेस्टरबॉटन. गाडीवर नॉर्शोच्या एका सुतारकारखान्याचा स्टिकर. बस. ब्लूमक्विस्ट गाडी काढून नॉर्शोला जातो.

ह्यात योगायोग नाही आणि प्रतिभेचा झटकाही नाही. प्रत्येक पायरी कोणालाही करता येण्यासारखी आहे, फक्त कोणी केली नव्हती. छापून न आलेलं मागवायचं, क्रम लावायचा, चौकटीबाहेर बघणारा दुसरा डोळा शोधायचा. आणि वाट जाऊन पोचते ती लेखकाच्या आजोळच्या गावात.

दुसरा धागा पालकत्वाचा. सालांडर सज्ञान आहे, कमावती आहे, तरी तिचे व्यवहार न्यायालयानं नेमलेल्या वकिलाच्या हाती आहेत. परदेशी वाचकांना हे अतिरंजित वाटतं. स्वीडनमध्ये माणसाला कायद्यानं ‘असमर्थ’ ठरवण्याची पद्धत १९८९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी सौम्य व्यवस्था आली: नेमलेला माणूस पैसे आणि करार सांभाळतो, आणि त्याचा हिशेब स्थानिक देखरेख मंडळाला देतो. लार्सन हा फरक कादंबरीतच समजावून सांगतो आणि मग त्यातली फट दाखवतो. देखरेख कागदावरची असते. हिशेब जुळले की मंडळ खूश. तिला स्वतःच्याच खात्यातले पैसे मागायला त्या वकिलाच्या दारात जावं लागतं, तिथे काय घडतं ते हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. पहिल्या पुस्तकाच्या भागांच्या आरंभी स्त्रियांवरच्या हिंसेचे आकडे दिलेत. त्यातला एक असा, की लैंगिक अत्याचार झालेल्या स्वीडिश स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांनी शेवटच्या घटनेची पोलिसांत तक्रार केली नव्हती. मूळ स्वीडिश शीर्षकाचा अर्थ ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असा आहे. इंग्रजीत ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ असं गोंदणवाल्या मुलीचं नाव मुखपृष्ठावर आलं, विक्रीच्या दृष्टीनं ते बरोबरही ठरलं, पण पुस्तक कशाबद्दल आहे हे त्यानं झाकलं.

सालांडर म्हणजे मोठी झालेली पिप्पी लाँगस्टॉकिंग, हे लार्सननं शेवटच्या दिवसांतल्या एका मुलाखतीत स्वतः सांगितलं. आस्त्रिद लिंदग्रेनची ही पोरगी स्वीडनमध्ये घरोघरी माहीत: आईबाप जवळ नाहीत, अचाट ताकद, सोन्याच्या नाण्यांची पेटी आणि शिस्तीला भीक न घालणं. अशी मुलगी पंचविशीची झाली तर तिला कुठला शिक्का मारतील, हा लार्सनचा प्रश्न. सालांडर स्टॉकहोमच्या फिस्कारगातान ९ मध्ये आलिशान घर घेते, तेव्हा दारावर ‘व्ही. कुल्ला’ अशी पाटी लावते. पिप्पीच्या घराचं नाव विला विलेकुल्ला.

दोष? भरपूर. पहिल्या कादंबरीची सुरुवात वेनेरस्ट्रोम नावाच्या उद्योगपतीच्या पोलंडमधल्या बनावट कारखान्यात अडकून पडते, आणि तिथेच अनेकांनी पुस्तक मिटलं. वांगेर कुटुंबाचा वंशवृक्ष हाताशी ठेवल्याशिवाय कोण कोणाचा पुतण्या ते कळत नाही. माणसं उठसूट कॉफी पितात. सालांडरला लॅपटॉप घ्यायचा तर ९६० एमबी रॅम आणि ६० जीबीची हार्ड डिस्क हे सांगूनच तो थांबतो, घर सजवायचं तर आयकियातल्या सोफ्या-खुर्च्यांची नावानिशी यादी. आणि ब्लूमक्विस्टवर भाळणाऱ्या बायकांची संख्या लेखकाला त्याच्याबद्दल वाटणाऱ्या मायेच्या प्रमाणात आहे, एवढंच म्हणतो. पण याद्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी जिची नोंद ठेवली, ती बाई पहिल्यांदा स्वतःची यादी करते आहे. तिथे कात्री चालवायची इच्छा होत नाही.

९ नोव्हेंबर २००४. एक्स्पोच्या कार्यालयाची लिफ्ट बंद होती. सात मजले चढून गेल्यावर लार्सनला हृदयविकाराचा झटका आला. वय ५०. सिगारेटी, कॉफी, जागरणं, अरबट-चरबट खाणं. धमक्यांमुळे घातपाताच्या वावड्या उठल्या, पण त्यात दम नाही. १९३८ मध्ये ज्या तारखेला जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली ती हीच तारीख, आणि त्या संध्याकाळी तो त्याच विषयावर बोलणार होता. पहिली कादंबरी ऑगस्ट २००५ मध्ये आली, पुढच्या दोन २००६ आणि २००७ मध्ये. २०१० मध्ये किंडलवर दहा लाखांवर प्रती विकणारा तो पहिला लेखक ठरला.

आता वारसा. स्वीडिश कायद्यात क्रम ठरलेला आहे. आधी मुलं. मुलं नसतील तर आई-वडील, निम्मं निम्मं. दोघांपैकी कोणी हयात नसेल तर तो निम्मा वाटा भावंडांकडे जातो. लार्सनला मूल नव्हतं आणि आई आधीच गेलेली. म्हणून अर्धं वडील एर्लांडकडे, अर्धं भाऊ योआकिमकडे. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचं नाव ह्या क्रमात कुठेच नाही, वर्षं ३२ असोत की दोन. अशा जोडप्यांसाठी २००३ चा वेगळा कायदा आहे, पण तो फक्त एकत्र राहण्यासाठी घेतलेलं घर आणि त्यातलं सामान एवढ्यापुरता. बँकेतले पैसे, गाडी, सुट्टीतलं घर त्यात येत नाही. पुस्तकांचे हक्क तर नाहीच नाही.

लग्न झालं असतं तर? मूल नसलेल्या जोडप्यात मागे राहिलेल्याला सगळं मिळतं, आणि त्याच्याही पश्चात निम्मं पहिल्याच्या नातेवाइकांकडे वळतं. लग्नाला लागतो कर खात्याचा हरकत नसल्याचा दाखला, विवाह लावणारा अधिकारी आणि दोन साक्षीदार. मृत्युपत्र केलं असतं तर? राखीव वाटा फक्त मुलांना असतो, आई-वडिलांना किंवा भावंडांना नाही, म्हणजे सगळंच्या सगळं एवाला ठेवता आलं असतं. त्याला लागतो कागद, सही आणि दोन साक्षीदार. दोघं एकाच वेळी हजर हवेत आणि हे मृत्युपत्र आहे हे त्यांना माहीत हवं. जोडीदार, भावंडं, आई-वडील साक्षीदार म्हणून चालत नाहीत. नोंदणी लागत नाही, वकील लागत नाही. भारतातही १९२५ च्या वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे साक्षीदार दोनच लागतात, फक्त ते एकाच वेळी समोर असलेच पाहिजेत असं नाही. आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना हिंदू वारसा कायद्यातही आपोआप काही मिळत नाही.

वडील आणि भावाला खलनायक करणं सोपं आहे, बऱ्याच लेखांनी ते केलं. कायद्यानं जे आलं ते त्यांनी घेतलं. २००९ मध्ये त्यांनी गॅब्रिएलसनला दोन कोटी क्रोनर देऊ केल्याचं जाहीर झालं. तिचा आग्रह पैशांपेक्षा लिखाणावरच्या अधिकाराचा होता. चित्रपट कोणाला द्यायचा, भाषांतरात काय बदलू द्यायचं, पुढची पुस्तकं लिहू द्यायची का, हे कोण ठरवणार? ते हक्कही मालमत्तेबरोबरच वारसांकडे जातात. तडजोड झाली नाही. २०११ मध्ये तिनं आपली बाजू पुस्तकातून मांडली.

चौथ्या कादंबरीची सुमारे २०० पानं लॅपटॉपमध्ये होती, आणि लॅपटॉप एक्स्पोचा. ती पानं छापून आलेली नाहीत. मालिका पुढे चालवायचं काम नॉर्स्टेट्सनं डाविड लॅगरक्रान्ट्झकडे दिलं. मजकूर फुटू नये म्हणून त्यानं इंटरनेट नसलेल्या संगणकावर लिहिलं. २०१५, २०१७ आणि २०१९ अशी तीन पुस्तकं झाली, त्या अर्धवट पानांचा आधार न घेता. गॅब्रिएलसनचा ह्या सगळ्याला उघड विरोध होता. मग हक्क दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले आणि २०२२ पासून कारिन स्मिर्नोफ लिहिते आहे. हक्कांची मुदत मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०७४ च्या अखेरपर्यंत आहे, तेव्हा आणखी कोणी लिहील.

लॅगरक्रान्ट्झचं गद्य लार्सनपेक्षा सफाईदार आहे, प्रकरणं वेळेवर संपतात, कोणी उगाच कॉफी पीत नाही. पण त्याची सालांडर सुरुवातीपासूनच दंतकथा होऊन येते. आयकियात जाऊन खुर्च्या निवडणारी, घरी येऊन फ्रोझन पिझ्झा गरम करून खाणारी बाई त्या पुस्तकांमध्ये शोधावी लागते. नव्यानं वाचायला घेणाऱ्यानं पहिल्या तीनवरच थांबलं तरी चालेल. वेनेरस्ट्रोमची पानं कंटाळवाणी वाटली तर चाळून पुढे जावं, त्यांची गरज शेवटाकडे पडते आणि तेव्हा मागे येऊन वाचता येतात.